तळहात छाप

मेट्रनबाईंनी पेल्यातलं पाणी चादरीवर ओतलं. पाणी मुरलं नाही. त्याचे गोळे झाले, घडीवरून घरंगळत टेबलाच्या कडेला आले आणि मालकांच्या बुटावर पडले.

"आमच्याकडे माणसं महिनोन् महिने पाठीवर पडून असतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "घाम येतो, सांडतं, कधी अंथरुणातच होतं. ते सगळं तुमच्या चादरीवर असं तळं करून बसतं. वर पेशंट खाली घसरतात, आम्ही त्यांना दिवसभर वर ओढत बसतो. एका आजोबांच्या पाठीची सालटं निघाली."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पेला टेबलावर उपडा ठेवला आणि मालकांकडे न बघता तपासनिसाकडे बघितलं. कारण चादरीच्या कोपऱ्यावर निळ्या रेघेत काढलेला तळहात होता, आणि तो तळहात याचा आहे हे त्यांनाही कोणीतरी सांगितलेलं होतं.

गिरणीच्या लेबलाची ती गोष्ट जुनी होती. तपासनीस तरुण असताना मालकांनी त्याचा उजवा हात कागदावर ठेवायला लावून पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली होती. तेव्हापासून बाजारात ही चादर 'तळहात छाप' म्हणून विकली जात होती. लोक दुकानात जाऊन हाताची चादर मागत. शेवटच्या शिवणीनंतर प्रत्येक खेपेतल्या चार-दोन चादरी तपासनिसासमोर येत, तो डोळे मिटून त्यांवर हात फिरवी आणि खेप पास किंवा परत म्हणे. लांब धाग्याचा कापूस कुठला, आखूड धागे पीळ देऊन लांब म्हणून खपवलेले कुठले, दोन बारीक सुतं एकत्र करून धाग्यांची संख्या फुगवलेलं कापड कुठलं, हे त्याचा हात सांगे. गिऱ्हाइकांना तो एकच गोष्ट ठासून सांगत असे. चांगली चादर नवी असताना थोडी ताठ लागते, अंगाला ओळख व्हायला तिला काही धुण्यांचा वेळ द्यावा लागतो. दुकानात लोण्यासारखी लागणारी चादर बहुतेक वेळा औषधानं मऊ केलेली असते.

टेबलावरची ओली चादर लोण्यासारखीच होती. आणि तिला त्यानं पास केलं होतं.

त्याच्या बोटांना दोन वर्षांपासून काही कळत नव्हतं. सुरुवातीला टोकांना मुंग्या आल्यासारखं होई, मग हातमोजा घातल्यासारखं वाटू लागलं, मग तेही वाटेनासं झालं. डॉक्टरांनी साखर तपासली, शिरा तपासल्या, गोळ्या दिल्या आणि गेलेलं परत येईलच असं नाही हे अगदी सौम्य शब्दांत सांगितलं. घरी बायकोला त्यानं सांधेदुखी सांगितली होती. शर्टाची बटणं तीच लावून देई, आणि म्हणे, अहो, आता आंघोळही मीच घालू का.

गिरणीत मात्र सांगायला जागा नव्हती. शब्दशः नव्हती, कारण त्याची खोली तीन बाजूंनी काचेची होती. मोठे खरेदीदार आले की मालक त्यांना काचेबाहेर उभं करून तपासणी दाखवत. एका बाजूला शिवणखातं, एका बाजूला पॅकिंग, समोर येण्याजाण्याचा रस्ता. तो नाक खाजवायलाही मान फिरवत असे. एकदा त्यानं मालकांना हळूच सुचवलं होतं, कोणीतरी नवीन माणूस हाताखाली द्या, शिकवून ठेवतो. मालक म्हणाले होते, "मास्तर, गळा आणि हात शिकवून येत नाही. तुम्ही शंभर वर्षं जगा म्हणजे झालं."

म्हणून त्यानं आडवाटा शोधल्या होत्या. विणीतली चूक तो उजेडात धरून डोळ्यांनी पकडी. कापडाचं वजन मनगटाला कळे. घडी झटकल्यावर चांगल्या सुताचा एक कोरडा आवाज येतो, तो त्याला पाठ होता. आणि पोत बघायचा तर कापडाची वीण जवळून न्याहाळतोय असं दाखवत तो वाके आणि गाल टेकवी. गालाला मऊ आणि खरखरीत एवढं कळत होतं. पण मऊपणा कापसाचा की औषधाचा, हे गालाला कळत नाही. त्यासाठी दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून ओढावं लागतं. कापूस किंचित धरून ठेवतो. औषध निसटतं.

या खेपेला त्यानं गाल टेकवला होता आणि मनात म्हटलं होतं, काय छान उतरलंय कापड.

मालकांनी फिनिशिंग खात्यातल्या माणसाला बोलावणं पाठवलं. तो तपासनिसाचा मेहुणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा. उंच, सडपातळ, सतत ओले गमबूट घातलेला आणि सदैव काहीतरी गंमत करणारा माणूस. शिवणखात्यातल्या बायका त्याला बगळा म्हणत. चादरी विरंजनातून पांढऱ्या होऊन आल्या की त्यांना शेवटचं पाणी द्यायचं आणि त्यात मापानं थोडं मऊ करायचं औषध घालायचं, हे त्याचं काम. त्यानं टेबलावरचं पाणी बघितलं, बोट लावलं, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की चूक त्याची आहे. औषधाचं नवीन पिंप आलं होतं, ते जुन्यापेक्षा फार दाट निघालं आणि त्यानं जुन्याच मगानं मोजून ओतलं.

"म्हणजे अख्खी खेप पहिल्यापासून अशीच होती," मालक म्हणाले.

"अशीच. सगळी एकाच पाण्यातली."

"मग मास्तरांच्या हातातून कशी सुटली?"

मेहुण्यानं तपासनिसाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. एरवी असं काही झालं तर खेप परत येई, तो चार शिव्या खाई, पुन्हा धुवून काढी आणि मामला संपे. मधे हात होता म्हणूनच तो आजवर निर्धास्तपणे चुका करू शकला होता.

तपासनिसानं तोंड उघडलं, पण मालकांचा विचार तोवर पुढं गेला होता. त्यांनी मेहुण्याला विचारलं की तपासायच्या चादरी शिवणखात्यातून टेबलावर कोण आणून ठेवतं. मीच, मेहुणा म्हणाला. तेवढ्यात बायकोशी दोन शब्द बोलता येतात आणि दादांना नमस्कार होतो, हेही त्यानं हसत सांगितलं. मालक हसले नाहीत. ते म्हणाले की मग सरळच आहे, खेप बिघडली हे तुला कळलं होतं, धुण्याचा त्रास वाचवायला तू मास्तरांपुढं जुन्या खेपेतल्या चांगल्या चादरी ठेवल्यास.

मेहुणा हसायचा थांबला. त्यानं असं केलं नाही म्हणून सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. काचेपलीकडे शिवणयंत्रं एकेक करून थांबली. तिसऱ्या यंत्रावर धाकटी बहीण बसली होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण नवऱ्याचे हात दिसत होते.

मेट्रनबाईंनी विचारलं की हे धुवून निघतं का. मेहुण्यानं त्या अवस्थेतही नीट उत्तर दिलं. गरम पाणी, सोडा, आणि पुन्हा पुन्हा. निघतं, वेळ लागतो. त्यांनी मान हलवली आणि मालकांना म्हणाल्या की तुमचं भांडण तुम्ही बघा, मला आठवड्यात पाणी पिणाऱ्या चादरी हव्यात.

त्या गेल्यावर तपासनीस मालकांच्या मागोमाग ऑफिसात गेला आणि दार लोटून घेतलं. उभ्यानंच त्यानं सांगितलं. दोन वर्षं, मुंग्या, डॉक्टर, गाल. मालक ऐकत राहिले. मग खुर्ची मागं घेऊन उठले, कपाटातून नमुन्याच्या तीन चादरी काढून टेबलावर टाकल्या. खरेदीदारांपुढं करायचा तोच खेळ. डोळे मिटा, म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. पहिल्या चादरीवर हात फिरवला आणि कळत नाही म्हणाला. दुसऱ्यावर फिरवला, कळत नाही म्हणाला. तिसरी मालकांनी टाकली तेव्हाच तिच्या आवाजावरून ती लांब धाग्याची आहे हे त्याला कळलं होतं. पण प्रश्न हाताचा होता. तिलाही तो कळत नाहीच म्हणाला.

"डोळे मिटून कळत नाही म्हणायला मलाही येतं," मालक म्हणाले.

त्यानं डॉक्टरांचा कागद आणतो म्हटलं. मालक म्हणाले, आणालच, तुमच्या शब्दाखातर कोणीही लिहून देईल. बहिणीचा संसार आहे, त्यांना समजत होतं. पण चोराला वाचवायला माणसानं स्वतःचा हात तोडून द्यावा हे त्यांना पटत नव्हतं. मेहुण्यांसाठी एवढं करणारा भाऊ आजकाल मिळतो कुठं, असंही ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता.

तपासनीस हलला नाही. त्यानं तेच पुन्हा सांगायला सुरुवात केली, तेव्हा मालक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर लेबलांचा गठ्ठा उतरवला जात होता.

"मास्तर, तुमचा हात गेलाय असं बाहेर कळलं, तर दोन वर्षांत गेलेली प्रत्येक चादर माझ्या दारात परत येईल. चांगलीसुद्धा. दीडशे माणसं आहेत आत." ते वळले. "म्हणून तो गेलेला नाही. कामाला लागा."

हे ते खरं मानून बोलले की खोटं, हे तपासनिसाला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही कळलं नाही. तो काचेच्या खोलीत परतला. टेबल कोणीतरी पुसून कोरडं केलं होतं आणि नवीन चादरी रचून ठेवल्या होत्या.

मेहुण्याला दुपारच्या आत काढलं. कारण म्हणून नुसती चूक लिहिली असती तर तो शेजारच्या कुठल्याही गिरणीत लागला असता. फसवणूक म्हटल्यावर दारं बंद झाली. गमबूट गिरणीचे होते, ते काढून ठेवून तो चपला शोधत होता तेव्हा पॅकिंगमधला एक जण म्हणाला, बगळ्या, बायकोच्या भावाच्या डोळ्यांत धूळ फेकलीस होय रे. मेहुणा चपला हातातच घेऊन फाटकाबाहेर गेला. थट्टेवर उलट थट्टा न करता तो गेला असं पहिल्यांदाच झालं होतं.

संध्याकाळी तपासनीस बहिणीच्या घरी गेला. दोन खोल्या, जिन्याखाली मोरी, दोरीवर गिरणीतल्या डागी म्हणून स्वस्तात मिळालेल्या चादरी वाळत घातलेल्या. गिरणीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या घरी त्याच चादरी असत, कोपऱ्यावर लेबल नसलेल्या. मेहुणा भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता. धाकटीनं भावाला आत घेतलं, पाणी दिलं, बस म्हणाली नाही.

त्यानं सांगितलं. सकाळी मालकांना जे सांगितलं तेच, त्याच क्रमानं. ती ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा घट्ट होत होता. ती म्हणाली की माझ्या नवऱ्याला सगळे चोर म्हणताहेत आणि तू आता मला बरं वाटावं म्हणून येऊन काहीबाही सांगतोयस. लहानपणापासून तुझं हेच. बाबांचा मार मी खायचे तेव्हाही तू नंतर येऊन म्हणायचास, चूक माझीच होती गं.

"हात आण," ती म्हणाली.

लहानपणी त्यांचा एक खेळ होता. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं तळहातावर बोटानं काहीतरी काढायचं, पहिल्यानं ओळखायचं. दादा कधी हरला नव्हता. ती काय काढणार हे अर्ध्यातच सांगून टाकायचा आणि ती रडायची. त्यानं डोळे मिटले आणि उजवा हात पुढं केला.

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. तो वाट बघत राहिला.

"कर ना सुरू," तो म्हणाला.

त्यानं डोळे उघडले. तिच्या हातात शिवणाची सुई होती आणि त्याच्या तर्जनीच्या टोकावर रक्ताचा थेंब फुगत होता. मधल्या बोटावर दुसरा. अंगठ्यावर तिसरा होता, तो ओघळून मनगटाकडे निघाला होता.

तिनं पदरानं तिन्ही बोटं दाबून धरली. बराच वेळ धरली. मग खाली बघत म्हणाली, "शिवताना माझ्या हातातून निसटत होत्या त्या चादरी. टीप सरळ येईना. मला कळलं होतं रे. म्हटलं, दादा पकडेलच. आणि तू पास केल्यास तेव्हा वाटलं, माझीच बोटं थकली."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मेहुण्याचे खांदे हलले. तो रडतोय असं तपासनिसाला आधी वाटलं. मग कळलं की तो हसतोय. कूस न बदलता तो म्हणाला, "म्हणजे अख्ख्या गिरणीत खरं बोलणारे आपण दोघंच, आणि दोघांवरही कोणाचा विश्वास नाही. दादा, तुमचं माझ्यापेक्षा वाईट झालं. मला निदान काढून तरी टाकलं."

तपासनिसानं राजीनामा देतो म्हटलं. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं की त्यानं काय होईल. मालक म्हणतील मेहुण्यापायी गेला, लोक म्हणतील चोराच्या पाठोपाठ भाऊही गेला. तिचं यंत्र काढून घेतील. दोन घरं बसतील आणि खरं कोणी मानणार नाहीच. ती उठली आणि दोरीवरच्या चादरी आत घेऊ लागली.

मेट्रनबाईंनी मेहुण्याला इस्पितळाच्या धोबीखान्यात घेतलं. तुम्ही निघतं म्हणालात ना, मग काढा, असं त्या म्हणाल्या. पुढं बरेच दिवस तो उकळत्या पाण्यात सोडा टाकून आपणच मऊ केलेल्या चादरी पुन्हा कापसावर आणत होता. घरी येई तेव्हा त्याचे हात सुजून लाल झालेले असत. तपासनीस भेटला की तो आपले हात पुढं करून दाखवी आणि म्हणे, घ्या दादा, जास्तीचे आहेत, यातलं थोडं तुम्हाला देता आलं असतं तर बरं झालं असतं. गिरणीच्या रस्त्यानं मात्र तो जात नसे. लांबच्या पुलावरून फिरून जाई.

धाकटी तिसऱ्या यंत्रावर येत राहिली. डबा खायला ती एकटी बसे. तपासायच्या चादरी टेबलावर आणून ठेवायचं काम आता तिच्याकडं आलं. मालकांनी ते जाणूनबुजून दिलं असं सगळे म्हणत. बहीण भावाला फसवणार नाही, आणि फसवलंच तर दोघं एका दोरीत सापडतील. ती चादरी ठेवी, त्याच्याकडे न बघता जाई. काचेतून सगळ्यांना दिसत असे की भावाबहिणीत बोलणं उरलेलं नाही.

महिनाभरानं एक मोठा खरेदीदार आला. हॉटेलांची साखळी होती त्याची, सगळ्या खोल्यांना एकाच जातीची चादर हवी होती. मालकांनी काचेबाहेर खुर्च्या मांडल्या. शिवणखातं थांबवून बायकांना उभं केलं. फिनिशिंगला आता मेहुण्याच्या जागी नवा माणूस होता. धाकटीनं शिवून झालेल्या ताज्या खेपांतल्या चादरी आणून टेबलावर रचल्या, वेगवेगळ्या खेपेची एकेक, आणि ती आपल्या यंत्राजवळ परत जाऊन उभी राहिली.

तपासनीस आत एकटा होता. त्याच्या मानेवर सगळ्यांचे डोळे होते. त्यानं वरची चादर घेतली, झटकली, तिचा आवाज ऐकला. बरी होती. दुसरी उलगडली. त्यात गाल टेकवायची सोय नव्हती, खरेदीदार हातभर अंतरावर होता. कापड पांढरंशुभ्र, वीण घट्ट, टीप सरळ. आणि लेबलाजवळच्या कोपऱ्यावर शिवणीतून एक दोरा लोंबत होता, बोटाएवढा, न कापलेला.

धाकटी दोरा कधी सोडत नसे. शिवणखात्यात तिची त्यावरून थट्टा होई, की हिच्या टिपेचं शेवटचं टोक शोधायला भिंग लागेल. सवयीनं त्याचा हात टेबलावरच्या कात्रीकडे गेला. मग थांबला. त्यानं बाकीच्या चादरींचे कोपरे पाहिले. एकालाही दोरा नव्हता. त्यानं काचेपलीकडे पाहिलं. धाकटी यंत्रावरचं तेल कापडानं पुसत होती. मान खाली होती.

त्यानं कात्री जागेवर ठेवली. डोळे मिटले. चादरीच्या मध्यावर तळहात ठेवून तो हळूहळू कडेपर्यंत नेला, जसा तो नेहमी नेई, आणि हाताखाली काही नव्हतं, काच असावी तसं. मग तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत कापड धरून त्यानं ओढल्यासारखं केलं.

"ही खेप परत," तो म्हणाला. "औषध जास्त झालंय. पुन्हा धुवा."

खरेदीदारापुढं मालकांना हेच दाखवायचं होतं. त्यांनी दार उघडून पेला मागवला आणि स्वतः पाण्याचा थेंब चादरीवर सोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला. मग पहिल्या चादरीवर सोडला, तो पडताक्षणी पसरून नाहीसा झाला. खरेदीदार खुर्चीतून उठून आत आला. त्यानं तपासनिसाला हात दाखवायला सांगितलं, उलटा करून, सुलटा करून बघितला, लेबलाशेजारी धरला, आणि रेघ बरोबर जुळते म्हणून मालकांकडे बघून हसला. तपासनिसानं हात त्यांना हवा तेवढा वेळ तसाच धरून ठेवला.

ते बोलत बोलत ऑफिसकडे गेले. यंत्रं पुन्हा सुरू झाली. धाकटी परत करायची चादर उचलायला आत आली. तिनं ती छातीशी धरून घडी घातली, कोपरा वर घेतला, गळ्यात अडकवलेल्या छोट्या कात्रीनं दोरा अगदी मुळाशी कापला आणि मुठीत घेऊन बाहेर गेली.